भीतीसोबत जन्मलेला तत्त्वज्ञ

एप्रिल १५८८. स्पॅनिश आरमार चालून येणार, या अफवेने इंग्लंड धास्तावले होते. माम्सबरीजवळ एका गर्भवतीला धसक्याने दिवस भरण्याआधीच कळा आल्या आणि थॉमस हॉब्ज जन्मले. आपल्या भित्रेपणाचे मूळ ते याच प्रसंगात शोधत. यादवीच्या भीतीने १६४० मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. १६५१च्या ‘लेव्हायथन’मध्ये राज्यसंस्थेच्या मुळाशी त्यांनी भीतीच पाहिली.

माम्सबरीपासून जवळच, ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये १४ हजारांहून अधिक गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. गरोदरपणी तीव्र चिंतेत असलेल्या मातांच्या मुलांत भावनिक व वर्तनाच्या समस्या अधिक आढळल्या. पण वाढलेला धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. हॉब्ज ९१ वर्षे जगले. पंचाऐंशी ओलांडल्यावर त्यांनी होमरची महाकाव्ये इंग्रजीत आणली. गर्भवतीला दोष नको, आधार हवा.