आधी प्रार्थना, मग काम



बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वी प्रभू येशूने संपूर्ण रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवली, असे संत लूक आपल्याला सांगतो. काम जितके मोठे, तितकी त्याआधीची प्रार्थना मोठी. हीच शिकवण आपल्या विदर्भातील एका थोर पुरुषाने गावोगावी रुजवली. ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ते आपल्या धर्माचे नव्हते; पण प्रार्थनेविषयी त्यांच्याकडून आपल्याला पुष्कळ शिकता येईल.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे नाव माणिक. शाळेत ते फार शिकले नाहीत, पण भजनाची गोडी लहानपणापासून होती. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा तो ‘तुकड्या’, हे नाव त्यांना गुरूंकडूनच मिळाले. पुढे त्यांनी रामटेक, सालबर्डी येथील रानात एकांतात साधना केली. लोकांमध्ये जाण्याआधी ते देवाजवळ राहिले.

१९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले. तेथेही दिवसाची सुरुवात पहाटेच्या प्रार्थनेनेच होत असे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आपल्या आष्टीत पोलीस ठाण्यावर गोळीबार झाला. गावची माणसे हुतात्मा झाली, पोलिसांचेही प्राण गेले. त्याच दिवशी चिमूरलाही असेच घडले. महाराजांच्या खंजिरी भजनांनी लोक पेटले होते. सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले.

सुटकेनंतर त्यांनी गावे उभी करण्याचे काम हाती घेतले, आणि त्याचा पाया म्हणून सामुदायिक प्रार्थना दिली. पहाटे ध्यान, मग दिवसाची कामे, सायंकाळी पुन्हा प्रार्थना. श्रीमंत-गरीब, सर्व जातींचे लोक एकाच रांगेत बसत. प्रार्थना झाली की गावच्या अडचणींचा विचार होई. रोज देवासमोर शेजारी-शेजारी बसणाऱ्या माणसांना रस्ता, विहीर, शाळा यांसाठी एकत्र येणे सोपे जाते, हे महाराजांनी ओळखले होते.

त्यांच्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथात ४१ अध्याय आहेत. गावाची स्वच्छता, शेती, व्यसनमुक्ती, स्त्रियांची उन्नती असे अनेक विषय त्यात आहेत. पण पहिला अध्याय आहे देवदर्शनाचा! १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेलाही ते आपली खंजिरी घेऊनच गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला. आजही पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीत लाखो लोक स्तब्ध उभे राहतात आणि त्यानंतर सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात. त्यात ख्रिस्ती प्रार्थनाही असते.

मोझरी आपल्यापासून दूर नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. म्हणून हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या : आपण कामाआधी प्रार्थना करतो, की फक्त उरकतो? सभेच्या सुरुवातीला घाईघाईने क्रुसाची खूण करतो आणि लगेच वादाला बसतो. घर बांधून झाल्यावर आशीर्वादासाठी धर्मगुरूंना बोलावतो; पण भिंतीवरून शेजाऱ्याशी झालेले भांडण तसेच राहते. सर्व आधीच ठरवून शेवटी देवाची फक्त सही मागायची, याला प्रार्थना म्हणता येणार नाही. खऱ्या प्रार्थनेत आपला बेत बदलण्याचीही तयारी असते.

या आठवड्यात एक छोटी गोष्ट करू या. पेरणी असो, संत्र्याच्या बागेचा सौदा असो, मुलांची परीक्षा असो वा लग्नाची बोलणी; काम सुरू करण्यापूर्वी घरातील सर्वांनी पाच मिनिटे एकत्र बसावे. देवासमोर ते काम ठेवावे आणि शांत राहून ऐकावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याचे नाव मनात आले, तर आधी त्याच्याकडे जावे. मग कामाला हात घालावा.

प्रभू आपल्या सर्व कार्यांना आशीर्वाद देवो.