दानवीर हाजी महंमद मोहसिन

बंगालमध्ये हुगळी नदीच्या तीरावर त्याच नावाचे एक जुने गाव आहे. तेथे नदीकाठी एक भव्य इमामबाडा उभा असून त्याचे उंच घड्याळाचे मनोरे दुरूनही दृष्टीस पडतात. या इमामबाड्याच्या आवारात एका सत्पुरुषाची कबर आहे. हजारो गोरगरिबांना ज्याच्या संपत्तीने आधार दिला, तो हा पुरुष स्वतः मात्र आयुष्यभर साधेपणाने राहिला. त्याचे नाव हाजी महंमद मोहसिन.

मोहसिन यांचा जन्म 1732 मध्ये हुगळी येथे झाला. त्यांचे वडील हाजी फैजुल्ला हे इराणी वंशाचे व्यापारी होते. आई झैनब हिचा हा दुसरा विवाह होता. तिच्या पहिल्या पतीपासून तिला मन्नुजान नावाची मुलगी होती. जेसोर भागातील मोठी जमीनदारी या मन्नुजानला तिच्या वडिलांकडून मिळाली होती. मोहसिन आणि मन्नुजान एकाच घरात वाढले. वडील निराळे असले, तरी या बहीणभावंडांचे एकमेकांवर अपार प्रेम होते.

बालपणी मोहसिन यांना विद्वान गुरू लाभले. अरबी आणि फारसी या भाषा त्यांनी उत्तम रीतीने आत्मसात केल्या. त्यांचे अक्षर मोत्यासारखे सुंदर होते. कुराणाच्या प्रती ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. पुढे त्यांना देशाटनाची ओढ लागली. अरबस्तान, इराण, इराक अशा दूरदूरच्या देशांत त्यांनी अनेक वर्षे प्रवास केला. मक्केची यात्रा केल्यामुळे लोक त्यांना हाजी म्हणू लागले. त्या काळी प्रवास खडतर होता. परंतु त्यामुळेच नाना प्रकारचे लोक आणि त्यांची सुखदुःखे त्यांना जवळून पाहावयास मिळाली.

इकडे मन्नुजानच्या पतीचे निधन झाले. जमीनदारीचा सारा भार तिच्या एकटीवर येऊन पडला. तिला अपत्य नव्हते. आपल्यामागे ही संपत्ती योग्य हाती जावी, या विचाराने तिने ती आपल्या भावाच्या स्वाधीन केली. 1803 मध्ये तिने देह ठेवला, तेव्हा मोहसिन सत्तर वर्षांचे होऊन गेले होते. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात एवढे मोठे धन हाती आले, तरी त्यांची राहणी पालटली नाही. साधे अन्न, साधी वस्त्रे आणि ईश्वराचे चिंतन यांतच त्यांचा आनंद होता.

त्यांच्या दयाळूपणाच्या अनेक कथा बंगालमध्ये सांगितल्या जातात. एका रात्री त्यांच्या घरात चोर शिरला, असे म्हणतात. मोहसिन यांनी त्याला पकडले. पण घरची मुलेमाणसे उपाशी असल्यामुळे तो चोरीकडे वळला, हे कळताच त्यांनी त्याला शिक्षा न करता धन देऊन परत पाठविले.

परंतु मोहसिन यांना एक चिंता होती. आपण जिवंत आहोत तोवर दारी आलेला याचक विन्मुख जाणार नाही. आपल्यामागे त्याचे काय होईल? या चिंतेवर त्यांनी 1806 मध्ये उपाय केला. इस्लाम धर्मात वक्फ नावाची दानाची पद्धत आहे. वक्फ केलेली मालमत्ता विकता येत नाही, वारसांना वाटता येत नाही. तिचे उत्पन्न कायम सत्कार्यासाठीच खर्च करावयाचे असते. मोहसिन यांनी आपल्या जमीनदारीचे असे दानपत्र केले. तिच्या उत्पन्नाचे त्यांनी नऊ भाग पाडले. तीन भाग मशीद, इमामबाडा आणि धार्मिक उत्सव यांसाठी, चार भाग निवृत्तिवेतने व दानधर्म यांसाठी, आणि उरलेले दोन भाग कारभार पाहणाऱ्या दोघा मुतवल्लींसाठी. मुतवल्ली म्हणजे वक्फाचा विश्वस्त.

1812 मध्ये मोहसिन पैगंबरवासी झाले. त्यांच्यामागे विश्वस्तांनी विश्वास राखला नाही. गरिबांच्या हक्काचा पैसा ते स्वतःसाठी वापरू लागले. अखेर सरकारने कारभार आपल्याकडे घेतला. कज्जे बराच काळ चालले. तोवर साठलेल्या रकमेतून 1836 मध्ये हुगळीजवळ चिनसुरा येथे एक महाविद्यालय निघाले. तेथे सर्व धर्मांच्या मुलांना प्रवेश होता. बंगालीतील थोर कादंबरीकार बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे शिक्षण याच संस्थेत झाले. नदीकाठचा भव्य इमामबाडाही याच निधीतून बांधण्यात आला. 1841 मध्ये सुरू झालेले हे काम 1861 मध्ये पुरे झाले.

तथापि एक उणीव राहून गेली. त्या महाविद्यालयात मुसलमान विद्यार्थी फारच थोडे होते. एका मुसलमान दात्याच्या धनाचा लाभ त्याच्या समाजातील गरीब मुलांनाच मिळत नाही, ही गोष्ट नवाब अब्दुल लतीफ यांच्यासारख्या समाजधुरीणांनी सरकारपुढे मांडली. तेव्हा 1873 मध्ये महाविद्यालयाचा खर्च सरकारने स्वतः उचलला. मोहसिन निधी मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीसाठी, शिष्यवृत्त्यांसाठी आणि ढाका, चितगाव व राजशाही येथील मदरशांसाठी वापरला जाऊ लागला. त्यामुळे अनेक गरीब मुलांना विद्येची दारे उघडी झाली.

चिनसुऱ्याच्या महाविद्यालयाला मोहसिन यांचेच नाव आहे. बांगलादेशातील ढाका विद्यापीठातही विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. बंगालची फाळणी होऊन दोन देश झाले; पण या दात्याची आठवण दोन्हीकडे सारखीच जपली गेली. मोहसिन यांना मूलबाळ नव्हते, तरी त्यांच्या धनावर शिकून मोठी झालेली मुले मोजता येणार नाहीत. हाताने दिलेले दान एका दिवसाची भूक भागविते; विचारपूर्वक केलेले दान पुढच्या पिढ्यांनाही पुरते. मात्र असे दान सांभाळणारे हातही दात्याच्या मनाइतकेच निर्मळ असावे लागतात.