वऱ्हाडचं पोट्टं, सह्याद्रीचा वाटाड्या

ट्रेकला निघण्याआधी आज आपण चार व्हिडिओ बघतो. व्हिडिओ नव्हते, मॅप नव्हता, तेव्हा मराठी पोरांना गडाची वाट दाखवली ती गो. नी. दांडेकर नावाच्या लेखकाने. हा माणूस पुण्या-मुंबईचा नव्हे बरं का, आपल्या शेजारच्या परतवाड्याचा!

पावसाळा लागला की यवतमाळातूनही ग्रुप निघतात. रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी पुणे, तिथून राजगड नाहीतर लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकाळातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, एक तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून गडांची चर्चा आणखीच वाढली. पण गडावर जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वर पोहोचलो, फोटो काढला, मॅगी खाल्ली, उतरलो. एवढंच? हा प्रश्न ज्याने आयुष्यभर पायांनी सोडवला, त्या माणसाची ही गोष्ट.

शकुंतलेच्या शेवटच्या स्टेशनाजवळ

आपल्या यवतमाळहून निघणारी शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरवरून अचलपूरला जायची, हे घरातल्या मोठ्यांना विचारा, ते सांगतील. त्या अचलपूरला लागूनच परतवाडा. गावाच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर सुरू होतात. घाट चढून गेलं की चिखलदरा आणि गाविलगड. याच परतवाड्यात ८ जुलै १९१६ रोजी गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म झाला. पुढे अख्खा महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणू लागला, घरचे आणि जवळचे अप्पा म्हणायचे.

शाळा सातवीपर्यंत. मग देशात वारं फिरलं. १९३० साल म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचं. आपल्या जिल्ह्यात मीठ कुठून आणणार? म्हणून लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदकडच्या जंगलात गवत कापून कायदा मोडला. स्वातंत्र्यलढ्याच्या त्या भारलेल्या दिवसांत तेरा वर्षांचा गोपाळ घर सोडून निघाला. खिशात काही नाही, ओळख कुणाची नाही. आज आठवीतलं पोरगं ट्युशनला जायलाही गाडी मागतं, त्या वयात हा देशासाठी म्हणून बाहेर पडला.

ही गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण ती सोपी नव्हती. घर सुटलं, शाळा सुटली. भूक, थंडी, आजार हे सगळं वाट्याला आलं. पुढे हे दिवस त्यांनी ‘स्मरणगाथा’ या पुस्तकात लिहिले. त्यात स्वतःला हिरो बनवलेलं नाही. जे सोसलं, ते सोसलं म्हणून सांगितलंय. याच पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गाडगेबाबांच्या मागोमाग

भटकता भटकता हा मुलगा गाडगेबाबांपर्यंत पोहोचला. बाबा आपल्याच मुलखातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची. त्यांच्यासोबत गोपाळ गावोगाव फिरला. माणसात कसं बसायचं, गरिबाच्या ओट्यावर मिळेल ते कसं खायचं, खालच्या सुरात कसं बोलायचं, हे शिक्षण इथं झालं. पुढे गडाच्या पायथ्याला कुठल्याही झोपडीत ते घरच्यासारखे बसू शकले, त्याचं मूळ इथं आहे.

नंतर आळंदीत वेदान्ताचा अभ्यास केला. औंधला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली राहून वेदवाङ्मयाशी ओळख झाली. आणि मग नर्मदेची परिक्रमा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचजवळ समुद्राला मिळते, लांबी साधारण १,३१२ किलोमीटर. परिक्रमा करणारा तिला उजव्या हाताला ठेवून एका काठाने जातो, दुसऱ्या काठाने येतो. मधे नदी ओलांडायची नाही. म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर पायपीट, आणि पोटाची सोय लोकांच्या दयेवर. या चालण्यातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. आज परिक्रमेवर मराठीत ढीगभर पुस्तकं निघतात. त्यांच्या कितीतरी आधीचं हे पुस्तक अजूनही वाचलं जातं.

लेखणीवर पोट

१९४७ च्या सुमारास त्यांनी ठरवलं, आता फक्त लिहायचं. डिग्री नाही, नोकरी नाही, आणि मराठीत लिहून घर चालवायचं! आजही हा निर्णय ऐकून आई-बाबांच्या पोटात गोळा येईल. पुण्याजवळ तळेगाव दाभाड्यात त्यांनी बिऱ्हाड केलं. तळेगावातून बाहेर पडलं की चहूकडे मावळ. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे सगळे आवाक्यातले.

संसाराला पैसा लागतो म्हणून त्यांनी कादंबऱ्या, मुलांच्या गोष्टी, चरित्रं, प्रवासवर्णनं असं भरपूर लिहिलं. पण बैठक मारून लिहिणारा हा माणूस नव्हता. महिना-दोन महिने झाले की पाय शिवशिवायचे. मग पिशवी उचलायची आणि गड गाठायचा. तिथून परत आलं की पुन्हा लेखन. चालणं आणि लिहिणं हे दोन वेगळे छंद नव्हतेच, एकातून दुसरं निघत होतं.

गडावर जायचं कसं?

किल्ल्यांवरची पुस्तकं त्यांच्याआधीही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चिं. ग. गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशातील किल्ले’ लिहून माहितीचा पाया घातला होता. नंतरच्या काळात आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’, तसंच ‘सांगाती सह्याद्रीचा’ अशी अस्सल ट्रेकर्सची पुस्तकं आली. कुठल्या गावात उतरायचं, वाट कुठं फुटते, पाणी कुठं मिळतं, हे तिथं सापडतं. अशा पुस्तकाशिवाय नवख्याने डोंगरात शिरूच नये.

गोनीदांचं काम वेगळं. ‘दुर्गदर्शन’, ‘किल्ले’ आणि सगळ्यात गाजलेली ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांत वाट तर आहेच, पण गडाकडे बघायचं कसं हे जास्त आहे. दरवाजा असा वळणावर का बांधला? शत्रूला हत्तीने धडक मारायला जागा मिळू नये म्हणून. कातळात इतकी टाकी का खोदली? वेढा पडला तर शिबंदीला वर्षभर पाणी पुरावं म्हणून. माची कशाला म्हणायचं, बालेकिल्ला कशाला, नेढं म्हणजे काय, हे एकदा कळलं की पडक्या भिंतीही बोलायला लागतात.

त्यांचा सगळ्यात लाडका गड राजगड. शिवाजी महाराजांची राजधानी पाव शतक तिथं होती. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, मधे उंच बालेकिल्ला. गोनीदा तिथं पुन्हा पुन्हा गेले, राहिले. उन्हाळ्यात गेले, भर पावसात गेले, चांदण्यात गेले. आपण यादीत टिक करतो, हा गड झाला, तो गड झाला. त्यांना एकच गड दहा वेळा बघायला कंटाळा येत नव्हता, कारण दर वेळी तो वेगळा दिसायचा.

आणि ते फक्त दगड बघत नव्हते. गडावर राहणारी माणसं, पायथ्याचे धनगर, ठाकर, कातकरी, त्यांचं खाणं, त्यांची बोली हे सगळं टिपत होते. कॅमेरा गळ्यात असायचा, पण सेल्फीसाठी नव्हे!

कादंबरी हीच गाइड

त्यांच्या कादंबऱ्यांचा नकाशा काढला तर अर्धा सह्याद्री त्यात येईल. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याच्या परिसरात घडते. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. मुंबई सोडून डोंगरात एकटा राहायला आलेला म्हातारा, एवढंच कथानक, पण पुस्तक खाली ठेवत नाही. ‘जैत रे जैत’मधला नाग्या ठाकर मधमाश्यांचा डोंगर चढायला निघतो. त्यावर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये केलेला चित्रपट आणि त्यातली गाणी तुम्ही नक्की ऐकली असतील.

आणि हे सगळं लिहिताना त्यांनी आपली बोली सोडली नाही. ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी पूर्णा नदीच्या काठची, थेट वऱ्हाडीत. पुण्याला गेल्यावर आपलं बोलणं ऐकून कुणी हसलं तर आपण पटकन भाषा बदलतो. गोनीदा मावळात राहून मावळी शिकले, कोकणात फिरून कोकणी माणसाची बोली लिहिली, आणि वऱ्हाडीलाही तितक्याच मानाने कादंबरीत बसवलं.

तेराव्या वर्षी घर सोडून गेलेल्या या पोराला विदर्भानेही मान दिला. १९८१ साली अकोल्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष गोनीदा होते. सातवीपर्यंतची शाळा, आणि बसले त्या खुर्चीवर. १ जून १९९८ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने दुर्गप्रेमी एकत्र आले, दुर्ग साहित्य संमेलनंही भरली. लेक वीणा देव आणि कुटुंबाने त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं.

आपल्या जिल्ह्याचं काय?

आता मुद्द्याचं. शाळा सोडा, घर सोडा, असं ही गोष्ट सांगत नाही. तो काळ वेगळा होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. घेण्यासारखं आहे ते त्यांचं बघणं.

राजगड आपल्यापासून एका रात्रीवर आहे. पण पुसद-उमरखेडकडच्या टेकड्या, पैनगंगेचं खोरं, सहस्रकुंडचा धबधबा, नदीपलीकडे माहूरचा किल्ला, वणीच्या पुढे चंद्रपूर जिल्ह्यातला माणिकगड हे आपल्या अंगणातलंच. सह्याद्रीच्या एकेका घळीवर पुस्तकात पान सापडतं, आपल्याकडच्या वाटांवर लिहिणारे हात अजून कमी आहेत. माहूरला दर्शनाला आपण सगळेच जातो. त्यातल्या किती जणांनी किल्ल्याचा दरवाजा थांबून पाहिला?

मग एक वही घ्या. वाट कुठून फुटली, पाणी कुठं होतं, गावातल्या आजोबांनी त्या टेकडीचं नाव काय सांगितलं, एवढं लिहा. गोनीदांनी सुरुवातीला याहून वेगळं काही केलं नव्हतं.

कुठून सुरुवात कराल?

• पहिल्यांदाच वाचणार असाल तर : ‘माचीवरला बुधा’. छोटी आहे, दोन बैठकांत संपते.

• ट्रेकला जाणार असाल तर : ‘दुर्गभ्रमणगाथा’. जाण्याआधी एकदा वाचा, आल्यावर पुन्हा.

• आपली बोली वाचायची असेल तर : ‘पूर्णामायची लेकरं’.

• माणूस समजून घ्यायचा असेल तर : ‘स्मरणगाथा’.

• आणि वाटेची नेमकी माहिती हवी तेव्हा : चांगलं गाइड पुस्तक आणि गावातला वाटाड्या. पावसाळ्यात निसरड्या कड्यावर रील करायची नाही. अभयारण्यात वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय शिरायचं नाही. गडावर नेलेलं प्लास्टिक गडावर सोडायचं नाही. खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या बाबांच्या मागे फिरलेल्या माणसाची पुस्तकं वाचतोय आपण, एवढं तर जमायलाच हवं.