मोतीबिंदू काढणारा राजा

राजेरजवाड्यांचे शौक ठरलेले: शिकार, हत्ती, जडजवाहीर. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांना नाद लागला तो डोळ्यांच्या दुखण्यांचा. भोसले म्हटले की आम्हा इन्सुलीकरांना सावंतवाडीचा राजवाडा आठवतो. हे घराणे निराळे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे. गेला महिनाभर मात्र सरफोजीराजे आमच्या घरातलेच झाले आहेत. निमित्त, आईचा मोतीबिंदू.

त्यांचा जन्म 1777 चा. तुळजाजीराजांनी त्यांना 1787 मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजे वारले. गादी बळकावली चुलते अमरसिंहांनी. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने या पोरक्या मुलाला सांभाळले, शिकवले. जून 1798 मध्ये सरफोजी गादीवर बसले, तेव्हा श्वार्ट्झला जाऊन चार महिने झाले होते. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून कारभार काढून घेतला. उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा.

दुसरा कोणी गादीवर लोळत राहिला असता. यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, छापखाना काढला, 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय वैद्यक जाणणारे एकत्र आणले. डोळ्यांच्या रुग्णांची इंग्रजीतली टिपणे आजही सरस्वती महालात आहेत. रोग्याची हकीकत, केलेले उपचार, आलेला गुण, सारे नोंदलेले. बहुतेक शस्त्रक्रिया मोतीबिंदूच्या. मॅकबीन हा इंग्रज डॉक्टर मदतीला असे. शस्त्र दर वेळी राजांच्याच हाती होते की नाही, हा वाद मला गौण वाटतो. रोग्यामागे कागद ठेवण्याची शिस्त त्यांची, हेच मोठे.

त्या रोग्यांचे धैर्य मात्र विलक्षण! क्लोरोफॉर्म आले 1847 मध्ये, डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब 1884 मध्ये. राजे तर 1832 मध्येच गेले. म्हणजे शस्त्र डोळ्याशी येताना पाहत, जागेपणी, निश्चल पडून राहायचे. कृत्रिम भिंगही नव्हते. ते लंडनला रिडले यांनी पहिल्यांदा बसवले 1949 मध्ये.

हे सारे आईला सांगितले, कारण तिचे म्हणणे, मोतीबिंदू पिकू दे, पाऊस सरू दे. पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. फार पिकलेला काढायला उलट कठीण, आणि ऋतूचे बंधनही राहिलेले नाही. आधी भिंगाच्या नंबरासाठी डोळ्याचे माप घेतात, साखर आणि रक्तदाब पाहतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि पुरुषांच्या प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बहुधा थेंबांनीच डोळा बधिर होतो. उजेड दिसतो, थोडा दाब जाणवतो. अर्ध्या तासाच्या आत काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे थेंब घालायचे. डोळा चोळायचा नाही, सुरुवातीचे दिवस त्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. दुखणे वाढले किंवा दिसणे कमी झाले तर तडक डॉक्टरांकडे.

आईने तारीख घेतली आहे. दुसऱ्या डोळ्याचे मात्र चतुर्थी झाल्यावर बघू, म्हणते.