ऋद्धिपूरचे राऊळ आणि आजचे मनोरुग्ण

१३व्या शतकात वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांचे वास्तव्य होते. जन्म जवळच्याच काटसुरे गावचा. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले आणि आजोळच्या आप्तांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे त्यांचे वर्तन लोकांना अनाकलनीय वाटू लागले. ते स्वतःशीच हसत, मुलांत मूल होऊन खेळत, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खात, रुसत, रागावत. ज्यांचा स्पर्शही समाजास निषिद्ध होता, त्या महार-मांगांच्या घरीही ते निःसंकोच जात. लोक त्यांना वेडे म्हणत. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वरावतार मानतो आणि चक्रधरांचे गुरू म्हणून पूजतो. त्या श्रद्धेची चिकित्सा येथे अभिप्रेत नाही.

विचारार्ह आहे ते गावाचे वर्तन. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या चरित्रावरून दिसते की, तक्रारी झाल्या तरी ऋद्धिपूरने राऊळांना आपल्यातून तोडले नाही. घरोघरी त्यांना अन्न मिळाले, त्यांचे हट्ट पुरविले गेले. संकटात सापडलेले लोक त्यांनाच मायबाप मानीत. उत्तरायुष्यात नागदेवाचार्य, महदाइसा आदींनी त्यांची सेवा केली. त्यांच्या विवाहलीलेच्या निमित्ताने महदाइसेने धवळे रचले. १२८७च्या सुमारास त्यांचे देहावसान झाले, तेही ऋद्धिपुरातच.

असा सांभाळ करण्यास सद्भावनेबरोबरच घरात शिल्लक धान्य आणि हाताशी मोकळा वेळ लागतो. शिकागो शहरातील मनोरुग्णांविषयी फॅरिस व डनहॅम यांचा अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दरिद्री, विस्कळीत वस्त्यांतून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले. हिंगोलीसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातून कुटुंबे हंगामी मजुरीसाठी बाहेर पडतात, तेव्हा घरातील रुग्णाजवळ थांबणार कोण? ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. बऱ्या झालेल्या माणसास आणावयास जायचे तरी मजुरी बुडते. अशा वेळी रुग्णाचा मुक्काम लांबतो तो आजाराने नव्हे, दारिद्र्याने.

केवळ कुटुंबाने नाकारले, घर नाही किंवा गावात सोय नाही, या कारणास्तव कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. हा हक्क कागदावर राहू नये, असे वाटत असेल तर तालुक्याच्या ठिकाणी नियमित उपचार व औषधे मिळावयास हवीत आणि सांभाळणाऱ्या कुटुंबास निर्वाहाचा आधार हवा. ऋद्धिपूरने जे स्वतःच्या शिदोरीतून केले, ते आज निर्धन गावांकडून शासनाच्या साहाय्याविना अपेक्षिणे न्याय्य नव्हे.