अब्राहम लिंकन

अमेरिकेतील केंटकी संस्थानात, ओंडक्यांच्या एका झोपडीत, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम लिंकन यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य होते. नऊ वर्षांचा असतानाच अब्राहम मातृसुखास अंतरला. शाळेचे शिक्षण त्याला सारे मिळून वर्षभरही लाभले नाही. परंतु दिवसभर कुऱ्हाड चालवणारा हा मुलगा मिळेल तेथून पुस्तके आणून वाची. पुढे स्वतःच्या अभ्यासाने तो वकील झाला. हेच लिंकन १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडून आले.

त्या काळी दक्षिणेकडील संस्थानांत सुमारे ४० लक्ष कृष्णवर्णीय लोक गुलामगिरीत राबत होते. ही प्रथा नव्या प्रदेशांत पसरू नये, असे लिंकन यांचे मत होते. म्हणून दक्षिणेतील संस्थाने फुटून निघाली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली. अखेर ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. पराभूतांवर सूड न उगवता दुभंगलेला देश पुन्हा सांधावा, हीच लिंकन यांची इच्छा होती.

परंतु जॉन विल्क्स बूथ या नामांकित नटाच्या मनात द्वेष धुमसत होता. याच बूथच्या थोरल्या भावाने, एडविनने, पूर्वी एकदा रेल्वेस्थानकावर लिंकन यांच्या मुलाचे प्राण वाचवले होते. एका भावाने जीवदान दिले. दुसरा जीव घेण्यास टपला! काही कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा, असे लिंकन यांनी ११ एप्रिलच्या भाषणात सुचवले. ते ऐकून बूथने कट पक्का केला. एकाच रात्री अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री या तिघांनाही मारावयाचे, असे ठरले.

१४ एप्रिलच्या रात्री लिंकन पत्नीसह वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात एक विनोदी नाटक पाहत होते. बूथला ते नाटक ठाऊक होते. प्रेक्षक मोठ्याने हसतील तो क्षण साधून त्याने पाठीमागून गोळी झाडली आणि सज्जातून रंगमंचावर उडी टाकून तो निसटला. तिकडे परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांच्यावर सुऱ्याचे वार झाले. पण ते वाचले. उपाध्यक्षांवर नेमलेल्या इसमाचे धैर्यच खचले. लिंकन यांना समोरच्या घरात नेण्यात आले. तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची प्राणज्योत मालवली.

बारा दिवसांनी व्हर्जिनियातील तंबाखूच्या एका कोठारात बूथला सैनिकांनी गाठले. शरण येण्यास नकार देताच कोठार पेटवण्यात आले व तो गोळी लागून मेला. त्याच्या चार साथीदारांना फाशी झाली. पण कटाचा हेतू सफल झाला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची रद्द झाली. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांनाच अर्पण केला.

मृत्युसमयी लिंकन यांच्या खिशात दोन चष्मे होते. त्यांपैकी एकाची काडी दोऱ्याने बांधलेली होती. एवढ्या मोठ्या राष्ट्राचा अध्यक्ष. पण राहणी अखेरपर्यंत अशी साधी! माणसाला मारता येते, पण त्याने रुजवलेला न्याय मारता येत नाही, हेच लिंकन यांच्या चरित्रावरून दिसून येते.