डान्स बँडमध्ये वाजवणारा पोरगा जर्मनीचा लाडका टेनर झाला, पण न्यूयॉर्क राहूनच गेलं

साल १९३०. जर्मनीतल्या कुसेल या छोट्या गावात फ्रिट्झ वुंडरलिशचा जन्म झाला. आईवडील दोघंही संगीतातले. पण तो पाच वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली आणि घर अडचणीत आलं. पुढे फ्रायबुर्गला गाणं शिकताना खर्च भागवायला तो डान्स बँडमध्ये वाजवायचा.

जर्मनीत शहरोशहरी सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटर्स आहेत. तिथं गायक चक्क पगारावर असतात. १९५५ साली वुंडरलिश असाच स्टुटगार्टला लागला. सुरुवातीला वाट्याला आल्या बारीकसारीक भूमिका. मग एकदा मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'चा नायक टामिनो करणारा गायक गाऊ शकणार नव्हता. या नव्या पोराला उभं केलं आणि त्यानं मैदान मारलं.

तिथून १९५८ ला फ्रँकफर्ट, १९६० ला म्युनिक. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गाणार होता.

पण सप्टेंबरमध्ये मित्राच्या घरी तो जिन्यावरून पडला. १७ सप्टेंबरला गेला. ३६ वा वाढदिवस अवघ्या नऊ दिवसांवर होता.

न्यूयॉर्कचा शिक्का त्याला मिळालाच नाही. तरी जर्मन टेनर म्हटलं की आजही त्याचं नाव आधी निघतं.